गुडघे, बाप आणि बर्फाची राणी

"हॉटेलला पैसे नाहीत म्हणून दोन्ही पोरांना गाडीत झोपवायचा, आणि उजाडलं की त्याच पोरांना आल्प्समधल्या श्रीमंतांच्या डोंगरावर शर्यतीला उभं करायचा," असं मी म्हटलं मात्र, शेजारच्या वहिनींच्या हातातली कढीपत्त्याची डहाळी भिंतीवर टेकली. एरवी कढीपत्ता तोडून झाला की त्या आत पळतात. अण्णांना चहा वेळेवर लागतो.

"कोण हा मेला?"

"क्रोएशियाचा आहे. आन्ते कोस्तेलिच."

"आणि बायको काही बोलली नाही त्याला?"

हे विचारायला वहिनीच हव्यात. मी इतके दिवस या घराण्याचं वाचतेय, बघतेय, पण माझ्या डोक्यात आधी पदकंच येतात. वहिनींचं तसं नाही. त्यांना आधी घर दिसतं.

झालं असं की, गुडघा बदलल्यापासून मला पडून राहणं आलं. मालिका बघून बघून जीव आंबला. भाचा आला होता, त्याने फोनवर बर्फावरच्या शर्यती लावून दिल्या. म्हणाला, आत्या, बघ तरी, निदान गार वाटेल. गार कसलं वाटतंय! उतारावरून माणसं सुटतात ती बघून माझ्याच पोटात गोळा येतो. पण त्यात ही यानित्सा कोस्तेलिच सापडली आणि मी तिथेच अडकले. अडकले ते तिच्या गुडघ्यांमुळे. माझा एक गुडघा कापला तर मी सगळ्या कॉलनीला सांगत सुटले. या मुलीच्या गुडघ्यांवर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्या होत असतानाच ती जगज्जेती झाली. पंचविसाव्या वर्षी तिने खेळ सोडलासुद्धा.

"सोडला की सोडावा लागला?" वहिनी.

"सांगते ना. आधी बाप ऐका."

झाग्रेब ही तिकडची राजधानी. शहराच्या डोक्यावरच मेद्वेद्नित्सा नावाचा डोंगर, त्याचं शिखर स्ल्येमे. उंची हजार मीटरच्या जेमतेम वर. आपलं महाबळेश्वर त्याहून उंच भरेल. हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो, लोक हौसेने घसरायला जातात, पण ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडपुढे त्याची ती काय मातब्बरी! तिकडे पोर नीट चालायला लागतं न लागतं तोच त्याच्या पायात स्की बांधतात. गावोगाव क्लब, गावोगाव प्रशिक्षक, आणि शर्यत जिंकलेल्या माणसाला रस्त्याने जाताना लोक हाक मारून थांबवतात.

आणि इकडे काय, तर १९९१ साली क्रोएशिया युगोस्लाव्हियातून बाहेर पडला आणि लढाई पेटली. ती १९९५ पर्यंत चालली. यानित्सा १९८२ च्या जानेवारीतली, थोरला भाऊ इवित्सा १९७९ चा. म्हणजे या खेळात पाया घालायची जी वर्षं, नेमकी तीच लढाईत गेली. नव्या देशाला स्कीचा संघ पोसणं कुठून परवडणार? आन्ते स्वतः हँडबॉलवाला. खेळलेला आणि पुढे प्रशिक्षक झालेला. पोरांचं सगळं त्यानेच अंगावर घेतलं. गाडीत स्की, तंबू, खाण्याचं सामान भरायचं, सीमा ओलांडायच्या, शर्यतीच्या गावात पोचायचं. बाकीची पोरं हॉटेलातून गरम नाश्ता करून निघायची. ही दोघं गाडीतून नाहीतर तंबूतून आळस देत बाहेर यायची.

"म्हणजे वेडच की हो."

"वेडच."

"आपल्या गल्लीच्या टोकाला नाही का तो, पोराला पहाटे बॅडमिंटनला नेतो आणि पोरगं शाळेत डुलक्या काढतं. त्याला आम्ही सगळे नावं ठेवतो. हा क्रोएशियाचा म्हणून त्याचं कौतुक?"

मी म्हटलं, कौतुक कुठे करतेय मी! पण वहिनींचं म्हणणं मनाला लागलं. जिंकलेल्या पोरांच्या बापाला आपण द्रष्टा म्हणतो आणि हरलेल्यांच्या बापाला छळवादी. दोघांनी पहाटे पोरांना उठवलेलं मात्र सारखंच असतं.

पोरीने काय केलं ते कळायला खेळ थोडा कळला पाहिजे. वहिनींना वाटत होतं की उतारावरून सरळ खाली यायचं, पहिला आला तो जिंकला. तसं नाही. एका वेळी एकीनेच सुटायचं, भांडण घड्याळाशी. यानित्साच्या वेळी प्रकार पाच. डाउनहिल म्हणजे निव्वळ वेग. बायकासुद्धा त्यात ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातात. दुसऱ्या टोकाला स्लॅलम. त्यात बर्फात लाल-निळ्या काठ्या रोवलेल्या, पन्नास-साठ वळणं, काठीला वळसा घालून लगेच उलट्या बाजूला झुकायचं. काठ्या बुडाशी लवतात, म्हणून या मुली वळसा घालताना त्या हाताने, नडगीने आडव्या पाडत जातात. नडगीला आणि बोटांना कवच असतं, तरी तो फटाफट आवाज ऐकून माझे दात शिवशिवतात. दोन फेऱ्या, दोन्हींच्या वेळेची बेरीज, आणि काठ्यांची मांडणी दर फेरीला वेगळी. या दोहोंच्या मध्ये जायंट स्लॅलम आणि सुपर-जी. पाचवा प्रकार कम्बाइन्ड, म्हणजे डाउनहिलही करा आणि स्लॅलमही.

साधारणपणे वेगवाल्या वेगळ्या आणि वळणवाल्या वेगळ्या असतात. अंगाची ठेवणसुद्धा वेगळी लागते. यानित्सा मुळात वळणवाली. तिच्या विश्वचषकातल्या ३० विजयांपैकी २० स्लॅलमचे. उरलेले १० बाकीच्या चारही प्रकारांत वाटलेले आहेत, आणि सगळी गंमत त्या दहांमध्ये आहे.

सोळाव्या वर्षी, १९९८ साली, ती नागानोच्या ऑलिंपिकला गेली आणि कम्बाइन्डमध्ये आठवी आली. सतराव्या वर्षी ऑस्ट्रियात सेंट आंटोनला विश्वचषकाची पहिली शर्यत जिंकली. मग १९९९ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झला डाउनहिलच्या सरावात पडली. उजव्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले. सगळा हंगाम पाण्यात.

"झालं! बसली?" वहिनींनी आपला गुडघा नकळत चोळला. त्यांचाही कुरकुरतो, पण डॉक्टरचं नाव काढलं की त्या विषय बदलतात.

"बसते कसली. पुढच्या हंगामात एकामागून एक ८ स्लॅलम जिंकली. सबंध वर्षाचा विश्वचषक घेतला. एकोणीस वर्षांची होती."

सबंध वर्षाचा म्हणजे काय ते सांगायला हवं. ऑलिंपिक चार वर्षांनी एकदा, पण विश्वचषक म्हणजे हिवाळाभर चालणारी जत्रा. आज फ्रान्स, आठवड्याने स्लोव्हेनिया, मग अमेरिका. प्रत्येक शर्यतीत पहिलीला १०० गुण, दुसरीला ८०, तिसरीला ६०, असे खाली तिसावीपर्यंत. शेवटी जिची बेरीज सगळ्यात मोठी, तिला काचेचा मोठा गोळा देतात. क्रिस्टल ग्लोब म्हणतात त्याला. जाणकार म्हणतात की ऑलिंपिकचं सोनं एखाद्या दिवसाच्या नशिबानेही मिळतं, गोळा मात्र फुकट मिळत नाही. यानित्साकडे असे तीन आहेत. २००१, २००३ आणि २००६.

पहिला गोळा घरी नेला आणि परत गुडघा. यावेळी डावा. २००१ च्या उन्हाळ्यात पोरगी शस्त्रक्रियांमध्येच होती. २००२ च्या फेब्रुवारीत सॉल्ट लेक सिटीचं ऑलिंपिक, आणि त्या हंगामात तोवर तिने विश्वचषकाची एकही शर्यत जिंकलेली नव्हती. क्रोएशियालाही स्वतंत्र देश म्हणून हिवाळी ऑलिंपिकचं एकसुद्धा पदक तोवर मिळालेलं नव्हतं. तेव्हा तिच्यावर पैज लावायला कुणी हौशीच लागला असता.

१४ फेब्रुवारीला कम्बाइन्ड. सोनं. १७ तारखेला सुपर-जी, जो काही तिचा हातखंडा नव्हता. त्यात इटलीची डानिएला चेकारेल्ली पहिली आणि ही दुसरी, फरक सेकंदाच्या पाच शतांशांचा. त्या वेगात तो मीटर-दीड मीटरचा फरक झाला. २० तारखेला स्लॅलम. फ्रान्सच्या लॉर पेकेन्योला तिने सात शतांशांनी मागे टाकलं. परत सोनं. मग २२ तारखेला जायंट स्लॅलम.

ही शेवटची मी पाच-सहा वेळा तरी बघितली असेल. जायंट स्लॅलममध्ये विश्वचषकाची एकही शर्यत तिने तोवर जिंकलेली नव्हती. आठ दिवसांत चौथी स्पर्धा, पाय थकलेले. पण तिला बघावं तर थकव्याचा मागमूस नाही. गुडघे छातीकडे येतात, परत सरळ होतात, आणि वरचं अंग जागच्या जागी. डोकं हलत नाही. सगळं काम कमरेखाली चाललेलं. स्वीडनची आन्या पेर्शोन दुसरी आली, तीही १.३२ सेकंदांनी मागे. जिथे शतांशांवर भांडणं होतात तिथे सव्वा सेकंदाहून जास्त! खाली आली, फलकाकडे बघितलं आणि हसली. तिचं ते हसणं बघा कधी. पदक मिळाल्यासारखं नाही, शाळा लवकर सुटल्यासारखं.

तीन सोनं, एक रुपं. अल्पाइन स्कीमध्ये एकाच ऑलिंपिकात चार पदकं तोवर बाईलाही मिळाली नव्हती आणि पुरुषालाही नाही. तीन सोनं मिळवणारे दोन पुरुष होते, १९५६ चा ऑस्ट्रियाचा टोनी झायलर आणि १९६८ चा फ्रान्सचा ज्याँ-क्लोद किली. बायकांत ही पहिली. ती परतली तेव्हा झाग्रेबचा मोठा चौक माणसांनी ओसंडून गेला होता. लढाई संपून सातच वर्षं झाली होती, वहिनी. त्या चौकातल्या कितीतरी लोकांना ती जागा रिकामी आणि भेदरलेली आठवत असणार.

"आणि बाप?"

"बाप प्रशिक्षकच. उतारावर."

"तो रडला का?"

"रडला असेल."

"रडायलाच हवं," वहिनी म्हणाल्या, आणि कढीपत्त्याची पानं ओरबाडायला लागल्या. त्यांचा त्याच्यावरचा राग काही उतरला नव्हता.

त्यांना थोडं गार करावं म्हणून मी भावाचं काढलं. इवित्सा तिच्याहून मोठा, तोही स्लॅलमवाला, आणि त्याचेही गुडघे तसलेच. बहीण झळकली तेव्हा हा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. २००१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत अॅस्पेनला तो उतरला तेव्हा त्याच्या छातीवरचा नंबर होता ६४. नामवंतांना आधी सोडतात, कारण तेव्हा बर्फ गुळगुळीत असतो. साठेक जण खरडून गेले की तोच उतार म्हणजे पावसाळ्यातला आपला कॉलनीचा रस्ता. अशा खड्ड्यांतून, चौसष्टावा सुटून, इवित्सा जिंकला. त्याचा विश्वचषकातला पहिला विजय तो.

मग २००३ साली सेंट मॉरिट्झला जागतिक अजिंक्यपद. तेच गाव, जिथे तिचा गुडघा गेला होता. १५ फेब्रुवारीला बहीण स्लॅलमची जगज्जेती, दुसऱ्या दिवशी भाऊ स्लॅलमचा जगज्जेता. तंबूत झोपलेली ही दोन पोरं हो! वहिनींच्या तोंडून "अगंबाई" निघालं. म्हणजे थोड्या विरघळल्या.

लगेच त्या म्हणाल्या, "ताई, दोघंही जिंकली म्हणून ठीक. एक जिंकलं असतं आणि एक हरलं असतं तर त्या घरात जेवणाच्या टेबलावर काय झालं असतं?"

मला उत्तर सुचलं नाही. मी विषय पुढे रेटला.

२००४ च्या जानेवारीत तिची थायरॉइड ग्रंथी काढावी लागली. गुडघ्याचं चालूच होतं, ते वर्षही गेलं. कॉलनीत थायरॉइडच्या गोळ्या खाणाऱ्या किमान चार बायका आहेत, वजनाचा विषय निघाला की सगळ्या त्या गोळ्यांकडे बोट दाखवतात. ही पोरगी ग्रंथी काढून वर्षभराने इटलीत बोर्मियोला जागतिक अजिंक्यपदात उतरली आणि तीन सोनं घेऊन आली. कम्बाइन्ड, स्लॅलम आणि डाउनहिल. वळणवालीने डाउनहिलचं सोनं घ्यायचं म्हणजे दोन वेगळ्या गावांचं पाटीलपण एकीनेच करायचं.

आणि त्याच हंगामात मोठा गोळा हुकला. कशाने, तर तीन गुणांनी. आन्या पेर्शोन १३५९, यानित्सा १३५६. अख्खा हिवाळा, पाच प्रकार, दोन खंड, आणि शेवटी तीन गुण. कुठल्या तरी शर्यतीत एक जागा वर आली असती तरी चाललं असतं. मी एका रात्री हे वाचलं आणि मलाच झोप लागेना. गुडघा दुखत होता हे आहेच, पण ते तीन गुणही टोचत होते.

"मग? चिडली असेल."

"चिडली की नाही माहीत नाही, पण पुढच्या हंगामात तिने कुणाला जागाच ठेवली नाही."

२००५-०६ चा हिवाळा. पाचही प्रकारांत एकेक तरी विजय, एकाच हंगामात. बायकांत त्याआधी असं फक्त ऑस्ट्रियाच्या पेत्रा क्रोनबर्गरला जमलं होतं. गुणांची बेरीज १९७०, तेव्हाचा बायकांचा विक्रम. स्वीडनच्या पेर्निला विबेर्गचा १९६० चा विक्रम तिने दहा गुणांनी मोडला. पुढे स्लोव्हेनियाची तिना माझे आली आणि २०१३ साली तिने २४१४ करून सगळ्यांनाच मागे टाकलं, ती गोष्ट वेगळी. मध्ये तोरीनोचं ऑलिंपिक. तिथे तब्येत बिघडली, डाउनहिल सोडावी लागली. तरी कम्बाइन्डचं सोनं आणि सुपर-जीचं रुपं. अल्पाइनमध्ये ऑलिंपिकची चार सोनं असलेली ती पहिली बाई. त्याच तोरीनोत भावालाही कम्बाइन्डचं रुपं मिळालं.

इथे मी जरा थांबले. माझ्या मते पुढचं जे आहे तेच खरं बघण्यासारखं, आणि त्यात एकही शर्यत नाही.

त्या हंगामानंतर ती उतरलीच नाही. एक हिवाळा विश्रांती घेतली. गुडघे, पाठ, सगळंच बोलत होतं. लोक वाट बघत होते की आता येईल, मग येईल. २००७ च्या एप्रिलमध्ये तिने झाग्रेबला पत्रकारांना बोलावलं आणि सांगितलं की मी थांबते. वय पंचवीस. शेवटचा पूर्ण हंगाम कोणता, तर ज्यात सगळं जिंकली तो. या खेळात बायका तिशी ओलांडून जिंकतात. हिच्या पुढे अजून दोन ऑलिंपिकं सहज होती.

"बापाने सोडलं तिला?"

"बापाला विचारलं असेलच असं नाही."

तेव्हा कुठे वहिनी पहिल्यांदा हसल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी वहिनींनाही सांगितलं. सगळे लिहितात की बाप हट्टी म्हणून पोरगी जिंकली. मला उलटं दिसतं. हट्टी बापांना जगात तोटा नाही. आपल्या गल्लीतसुद्धा आहे एक. बापाने गाडी चालवली, तंबू ठोकला, घड्याळ धरलं, ते सगळं खरं. पण उतारावरून खाली येताना बाप सोबत नसतो. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा त्याच सेंट मॉरिट्झला उभं राहायचं ते काम बापाच्या हट्टाने होत नाही. आणि ज्या दिवशी पुरे असं वाटलं त्या दिवशी, हातात तीन गोळे असताना, "पुरे" म्हणणं हे तर बापाच्या शिकवणीच्या साफ विरुद्ध. तिचा हट्ट बापाच्या हट्टाहून मोठा निघाला.

वहिनींना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, पोरीचे गुडघे गेले ते गेलेच, आणि त्याचा हिशेब कुणाच्या तरी नावावर लिहायला हवा. आता यावर काय बोलायचं?

"त्या दुसरीसारखी परत नाही ना आली?" वहिनींनी विचारलं. त्यांनीही कुठेतरी लिंडसे व्हॉनचं ऐकलं होतं. व्हॉन अमेरिकेची, २०१९ मध्ये ८२ विश्वचषक विजयांवर थांबली. मग २०२४ साली तिने उजव्या गुडघ्यात अर्धा कृत्रिम सांधा बसवून घेतला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, चाळिशीत, परत शर्यतीला उभी राहिली. २०२५ च्या मार्चमध्ये सन व्हॅलीला सुपर-जीमध्ये दुसरीसुद्धा आली.

"अर्धा सांधा बसवून?"

"हो."

"आणि तुम्ही अजून जिन्याचा कठडा सोडत नाही!"

असं बोलायचं आणि वर हसायचं. शेजार चांगला असला की हे सहन करावं लागतं.

यानित्सा परत आली नाही. ती पुढे काही काळ क्रोएशियाच्या सरकारात क्रीडा खात्याची राज्य सचिव होती. सोनं मिळवणारी बाई फायलींवर सह्या करत बसलेली डोळ्यांपुढे आणून बघते मी. लढाईच्या दिवसांत आपल्याला तंबूत का झोपावं लागलं हे निधीच्या कागदावर सही करताना तिला आठवल्यावाचून राहिलं नसेल. इवित्सा मात्र लढत राहिला. २०११ साली त्यानेही पुरुषांचा मोठा गोळा घेतला. त्या एका जानेवारीत तो ७ शर्यती जिंकला. ऑलिंपिकची चार रुपं त्याच्या नावावर आहेत, सोनं एकही नाही. २०१७ मध्ये स्की ठेवून दिली आणि आता शिडाच्या बोटी घेऊन महासागरात शर्यती करतो.

"तोही गप्प बसायचा नाही," वहिनी म्हणाल्या. "रक्तातच आहे."

झाग्रेबवाल्यांनी यानित्साचं काय केलं ते तर सांगायचंच राहिलं होतं. तिच्या यशाने त्या जेमतेम उंचीच्या स्ल्येमेवर विश्वचषकाची शर्यत आली. २००५ च्या जानेवारीत पहिल्यांदा. बायकांचा स्लॅलम, दिव्यांच्या उजेडात, खाली हजारो लोक ओरडताहेत. नाव ठेवलं 'बर्फाची राणी'. जिंकणारीच्या डोक्यावर मुकुट चढवायचे, अंगावर झगा घालायचे. पहिला मुकुट फिनलंडच्या तान्या पौतियाइनेनला. मग ऑस्ट्रियाच्या मार्लिस शिल्डला. पुढे अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनने तर कितीतरी वेळा नेला.

"आणि हिला?"

"हिला एकदाही नाही."

"स्वतःच्या दारात?"

"स्वतःच्या दारात. उतरली, पण जिंकली नाही. मग तर ती थांबलीच."

वहिनींनी कपाळाला हात लावला. चार ऑलिंपिक सोन्यांचं त्यांना एवढं वाटलं नव्हतं, जेवढं या मुकुटाचं वाटलं. "अजून एखादं वर्ष खेळली असती तर," असं त्यांनी सुरू केलं, आणि मग स्वतःच गप्प झाल्या. कारण मघापासून पोरीच्या गुडघ्यांचा हिशेब त्याच मागत होत्या.

आतून अण्णांची हाक आली. वहिनी "आले" म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

"मग आता कोण आहे त्यांच्याकडे? की संपलं?"

संपलं नाही. मध्ये बरीच वर्षं बायकांत कुणी तसं नव्हतं. पण झ्रिंका ल्युतिच म्हणून एक आहे. २००४ ची, झाग्रेबचीच. यानित्सा सॉल्ट लेकला उतरली तेव्हा ही जन्मलीसुद्धा नव्हती. २०२४-२५ च्या हंगामात तिने स्लॅलमचा, म्हणजे त्या एकाच प्रकाराचा, छोटा गोळा घेतला. यानित्सानंतर क्रोएशियाच्या बाईला स्लॅलमचा गोळा मिळाला तो हाच.

"कितीची म्हणालात?"

"एकवीस होती जिंकली तेव्हा."

वहिनींनी डहाळी उचलली, भिंतीवर पडलेली पानं ओंजळीत गोळा केली, आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आणि हिचा बाप काय करतो?"